माझ्या हळदीचा डीजे

१४ डिसेंबर २००८, रविवार

भाविकने आज जेवताना जाहीर केलं की माझ्या हळदीला डीजे तोच वाजवणार.

बाबा म्हणाले, "हळदीला बेंजो येल. तो ठरलाय."

"बेंजो वाजू दे ना. तो थांबला की मी."

"आनि हात कोन उचलंल तुजा?"

बाबांना तसं बोलायचं नव्हतं. तोंडातून गेलं आणि ते भात कालवत बसले. भाविक हसला. म्हणाला, "हात न्हाय लागत बाबा. बोटं लागतात."

भाविक माझा धाकटा भाऊ, एकोणीस वर्षांचा. सात वर्षांचा असताना चालता चालता पडायला लागला, तेव्हा मुंबईच्या डॉक्टरांनी स्नायूंचा आजार सांगितला, वाढत जाणारा. अकराव्या वर्षी पाय गेले. आता दंडात जोर नाही, हात कुणीतरी उचलून ठेवावा लागतो. पण बोटं चालतात. मोबाइलवर मेसेज माझ्याआधी टाइप करून होतो त्याचा.

मी कामाला जाते त्या गोदामातला जुना लॅपटॉप साहेबांनी मोडीत काढला होता, तो मी मागून आणला. त्यावर तो दिवसभर एक गाणं दुसऱ्यात मिसळत बसतो. पण माऊस सरकवायला हात सरकावा लागतो. नेमक्या वेळी माऊस कडेला अडकतो आणि तो आईला हाक मारतो. आई येईपर्यंत गाणं संपलेलं. म्हणून त्याला कंट्रोलर हवाय. म्हणजे काय, मी विचारलं. म्हणाला, लॅपटॉपला जोडायचा एक पाट असतो. त्यावर दोन छोट्या थाळ्या, मधे सरकवायच्या पट्ट्या, खाली बटणं. डाव्या थाळीचं एक गाणं, उजव्या थाळीचं दुसरं. मधली पट्टी सरकवली की एक जातं, दुसरं येतं.

पगारातून बाजूला ठेवलेले बारा हजार आहेत माझ्याकडे. कानातलं एक कमी झालं तर टेमघरचे सासरचे लोक मला परत पाठवणार नाहीत. मी हो म्हटलं.

२१ डिसेंबर

नारपोलीला रवींद्रकडे गेलो. त्याचा साउंडचा धंदा आहे, भिवंडीतल्या निम्म्या वरातींना त्याचेच स्पीकर. मनोजने दुकानाची ओम्नी आणली होती. मनोज माझा होणारा नवरा, टेमघरला त्याचं इलेक्ट्रिकचं दुकान आहे. त्याने भाविकला चाकाच्या खुर्चीतून असं उचललं की जणू रोजचंच काम आहे. मी बघत राहिले. साखरपुड्यात मी या माणसाकडे धड बघितलंही नव्हतं.

बाजूच्या कारखान्यात लूमची धडधड चालू होती, एकमेकांचं ऐकायला ओरडावं लागत होतं. रवींद्रने त्याचा मोठा कंट्रोलर टेबलावर ठेवला. भाविकचा डावा हात मी डाव्या थाळीवर ठेवला, उजवा उजव्या थाळीवर. तसं केल्यावर तो पुढे ओणवा झाला आणि मान खाली गेली. मनोजने मागून छातीला धरून सरळ केला.

रवींद्र म्हणाला, "भाई, ये तेरे को बडा पडेगा. छोटावाला देख. पण एकदम छोटा नको घेऊ, ते खेळणं असतं."

परतताना भाविक म्हणाला, "थोडा मोठा होता." थोडा.

२६ डिसेंबर

आज सुट्टी घेतली होती शालू बघायला, त्याऐवजी पुठ्ठे कापत बसले. भाविकने इंटरनेटवरून तीन कंट्रोलरची मापं काढली आणि मला त्या मापाचे पुठ्ठे कापायला लावले. त्यावर स्केचपेनने थाळ्या, पट्ट्या, बटणं सगळं काढलं. मग एकेक पुठ्ठा त्याच्या खुर्चीच्या फळीवर ठेवला.

मोठा तर फळीच्या बाहेरच गेला. मधल्यावर दोन्ही हात पसरले की तो पुढे कलतो; एकटा डावा हात ठेवला तर डावीकडचं सगळं बोटाखाली येतं, पण उजवीकडे जायचं तर हात उचलून ठेवावा लागतो. सगळ्यात छोट्यावर मनगट मधे टेकवलं की दोन्ही बाजू बोटांनी गाठता येतात. त्याने पुठ्ठ्यावर तोंडाने गाणं म्हणत एक मिसळून दाखवलं. बोटं इतकी हलकी पडत होती की स्केचपेनची शाई पुसली नाही.

आई दारात उभी राहून बघत होती. बघता बघता आत गेली.

३० डिसेंबर

भाविकशी भांडले. टेमघरहून मे महिन्याची तारीख सुचवली होती. सगळ्यांना सोयीची, बाबांच्या टेम्पोचे हप्तेही तोवर फिटतील. भाविक मधेच म्हणतो, "मे कशाला? फेब्रुवारीत करा. उन्हात लोक नाचत न्हाईत."

मी म्हटलं, "तुला मला घालवायची एवढी घाई झालीय?"

"हो," म्हणाला.

वर हसला. मला ते लागलं. गेली आठ वर्षं त्याचे दात मी घासतेय सकाळी. मी गेल्यावर कोण काय करणार आहे, हे त्याने एकदा तरी विचारावं असं मला वाटतं. विचारत नाही. कंट्रोलर, कंट्रोलर, कंट्रोलर.

४ जानेवारी २००९

मुंबईला गेलो, लॅमिंग्टन रोडला. मनोज, मी आणि भाविक. बारा मिनिटं एका पायरीवर अडलो, शेवटी दोन हमालांनी खुर्चीसकट उचलून दुकानात नेला.

दुकानदार सगळं मला विचारत होता. "यांना घरी वाजवायचंय की कार्यक्रमाला?" "यांचं बजेट किती?" दोनदा मी उत्तर दिलं, तिसऱ्यांदा भाविकने. "काका, पट्टी किती घट्ट हाय ते बघू द्या." मग तो माणूस खाली वाकून त्याच्याशी बोलायला लागला आणि पुढे चांगला वागला.

छोटा आधी काढला. प्लास्टिकचा, वजनाला पोळपाटाइतकाही नाही. भाविकने मनगट टेकवलं आणि एका बोटाने पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत नेली. त्याचा चेहरा मी खूप दिवसांनी तसा बघितला.

मग मधला. देखणा आहे, धातूचा. त्याच्या आतच आवाजाचं कार्ड असतं, त्यामुळे लोक एक गाणं ऐकत असताना डीजेला हेडफोनमध्ये पुढचं ऐकता येतं. छोट्यात ती सोय नाही, वायर जोडून काहीतरी जुगाड करावं लागतं आणि आवाज एका कानात येतो. मधला माझ्या बारा हजारांच्या वर जात होता.

दुकानदार म्हणाला, "खरं सांगू का, छोटा शिकायला ठीक आहे. सहा महिन्यांत तुम्हाला कमी पडेल."

भाविक म्हणाला, "सहा महिने चालेल."

माझे पैसे वाचावेत म्हणून म्हणाला. मला त्याचा स्वभाव माहीत आहे. मी म्हटलं, घाई नको, विचार करू. तोवर तो खुर्चीत झोपलाच होता, भर दुकानात, आजूबाजूला स्पीकर वाजत असताना. मला जरा राग आला. एवढी धडपड करून आणायचं आणि साहेब झोपणार.

ठाण्याला ब्लाउजपीस बघायला मी उतरले. ते दोघं गाडीतच थांबले. परत आले तेव्हा मनोज स्टिअरिंगवर हात ठेवून समोर बघत होता. आमच्या कोन गावापर्यंत गाडी एवढी हळू चालवली की मागचे हॉर्न वाजवत होते. ब्लाउजपीस दाखवलं तर "चांगलंय" म्हणाला, न बघता.

८ जानेवारी

लग्न एक मार्चला. हळद अठ्ठावीस फेब्रुवारीला. मनोजने स्वतःच घरच्यांना पटवलं म्हणे. आईने तारीख ऐकून देवापुढे साखर ठेवली.

म्हणजे सगळ्यांनाच घाई आहे. फक्त मला नाही.

१८ जानेवारी

आज हसून पोट दुखलं. भाविकला हळदीत ठमाबाईचा आवाज वाजवायचाय. ठमाबाई आमच्या गावची धवलारीण, लग्नातले धवले तीच गाते. आईच्या लग्नातही तीच होती. बाबा तिला टेम्पोत पुढे बसवून घेऊन आले. लॅपटॉपला माइक लावून आम्ही तिला गायला सांगितलं.

"यात गेल्यावर माजा गला मना परत मिलंल ना?" तिने विचारलं.

"मिलंल आजी. यात नुसती नक्कल जाते."

"मंग पान दे. सुका गला न्हाय देत मी कोनाला."

पान खाऊन ती गायली. डोळे मिटून, एका लयीत. मधे लाइट गेली, लोडशेडिंगची वेळ झाली होती, लॅपटॉप बॅटरीवर चालू राहिला आणि ती थांबलीच नाही. भाविकने तो आवाज कापून, त्याखाली ठेका लावून तिला ऐकवला. ठमाबाई ऐकत राहिली, मग त्याच्या गालाला हात लावून म्हणाली, "तुज्या लग्नात पन येईन." आईने पटकन तिला चहा दिला.

२५ जानेवारी

पापड लाटताना आई रडत होती. मी म्हटलं, "आई, मी दुबईला नाही चाललेय. टेमघर आहे. रिक्षाने येईन." तिने पदराने नाक पुसलं आणि म्हणाली, "तसंच ते." काकू म्हणाल्या, मुलीच्या आईचं असंच असतं. मलाही रडू आलं. आम्ही सगळ्याच रडलो आणि पापड वातड झाले.

भाविकचं सकाळी डोकं दुखतं. तासभर तरी. सारखा हेडफोन घालून बसतो, दुसरं काय होणार. मी हेडफोन काढून कपाटात ठेवला तर आई म्हणाली, "दे त्याला. घालू दे." आई त्याचे फारच लाड करायला लागलीय. डॉक्टरकडे जाऊ म्हटलं तर तो म्हणतो लग्न झाल्यावर जाऊ, आता मांडव, पाहुणे, त्यात हे कुठे. बरोबर आहे त्याचं.

१ फेब्रुवारी

मी एक गोष्ट केलीय आणि फार खूश आहे. आज मनोजबरोबर जाऊन मधला घेतला. वरचे पैसे कानातल्याचे. ते मी घेणारच नाहीये.

मनोज दुकानात दोनदा म्हणाला, "त्याला छोटा आवडला होता, निशा."

मी म्हटलं, "त्याने माझे पैसे बघून छोटा म्हटलं. सहा महिन्यांनी परत दुसरा घ्यायचा का? हा पाच-सात वर्षं जाईल. पुढे हळदीच्या ऑर्डरी घेईल, रवींद्र त्याला बोलावेल. तेव्हा खेळण्यावर वाजवणार का?"

मनोज काहीतरी बोलणार होता. मग दुकानदाराला म्हणाला, "पॅक करा."

२ फेब्रुवारी

खोका उघडला तेव्हा भाविकने एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत बघितलं. मला वाटलं आनंदाने. मग म्हणाला, "ताय, हा तर भारी हाय."

"आवडला ना?"

"मस्त हाय. धातूचा हाय." मग आईकडे बघितलं. आई माझ्याकडे बघत होती.

९ फेब्रुवारी

तो एकाच बाजूचा सराव करतो. डावी थाळी, डावी पट्टी. उजवीकडे हातच नेत नाही. मी विचारलं तर म्हणतो, आधी एक हात बसू दे. असेल शिकायची पद्धत.

१७ फेब्रुवारी

खरं लिहायचं म्हणून ही डायरी. तर खरं हे की मला आईचा राग येतोय. लग्न माझं आहे. घरात बांगड्या भरायच्या आहेत, आहेराच्या साड्या लावायच्या आहेत, आणि आई दुपारची भाविकच्या खोलीत दार लोटून बसते. आत गाणी चालू. मी दार उघडलं की दोघं गप्प. आई म्हणते, "त्याला पानी देत होती." तासभर पाणी?

आयुष्यभर ती त्याच्याजवळच होती आणि मी कधी तक्रार केली नाही. पण हे शेवटचे बारा-पंधरा दिवस तरी माझे असायला हवे होते. हे वाचून कुणी मला वाईट म्हटलं तर म्हणू दे.

३ मार्च, टेमघर

नव्या घरातली पहिली मोकळी दुपार. सासूबाई झोपल्यात. हळदीचं लिहून ठेवते, नाहीतर राहील.

संध्याकाळी मांडवात मला पाटावर बसवलं. आधी ठमाबाईचे धवले झाले, मग बायकांनी हळद लावली. कोपरांपर्यंत, गालांना, पायांना. बेंजोवाल्यांनी तासभर गाव नाचवलं. ते जेवायला उठले आणि रवींद्रने माइकवर सांगितलं, "आता आपला भाविक." रवींद्रने स्पीकरचे पैसे घेतले नाहीत.

भाविकची खुर्ची मांडवाच्या टोकाला, समोर फळीवर कंट्रोलर. पिवळा सदरा. पाठीला उशा लावल्या होत्या. आई त्याच्या मागे उभी. मला वाटलं धरायला उभी आहे. पहिलं गाणं सुरू झालं, लोक उठले. मग दुसरं गाणं यायची वेळ झाली आणि मी बघितलं.

भाविकने हनुवटी जराशी उचलली. आईने वाकून त्याचं मनगट हातात घेतलं, डावीकडून उचललं, उजव्या थाळीवर ठेवलं. त्याची बोटं चालली. परत हनुवटी. आईने मनगट मधल्या पट्टीवर ठेवलं. गाणं आलं. मग परत डावीकडे. एकदाही चुकली नाही. माझी आई, कमळ केसरीनाथ, जिला बसची पाटी वाचता येत नाही, ती ठेक्यावर हात उचलत होती. नाचणाऱ्यांना वाटलं ती मुलाला थोपटतेय.

बंद दारामागे काय चालत होतं ते तेव्हा कळलं. आणि मी कोणता कंट्रोलर आणला तेही कळलं. मला उठून त्याच्याकडे जायचं होतं, पण हळद लागलेल्या नवरीला पाटावरून उठू देत नाहीत. मी तशीच बसले, हळद ओघळून गळ्यापर्यंत आली. काकू म्हणाल्या, रडू नको गं, अजून एक दिवस आहे.

मग ठेक्याखालून ठमाबाईचा आवाज आला. सगळ्या म्हाताऱ्या एकदम थांबल्या. ठमाबाई माझ्या शेजारीच बसली होती. मला म्हणाली, "मी हितं बसलंय, मंग तिथं गातंय कोन?" आणि मग जी काही गर्दी नाचली. बाबा नाचले. बाबांना नाचताना मी जन्मात बघितलं नव्हतं. भाविकच्या खुर्चीपुढे जाऊन दोन्ही हात वर करून नाचले.

अर्धा तास वाजवलं त्याने. मग मान एका बाजूला गेली, आईने सावरली, रवींद्रने पुढचं गाणं लावलं. दमला होता. एवढ्या आवाजात कोण दमणार नाही.

दुसऱ्या दिवशी निघताना मी त्याच्या कानात म्हटलं, "छोटा आणून देते बदलून. रागावू नको."

म्हणाला, "नको. हाच पायजे."

११ मार्च

होळीला कोनला जाऊन आले. भाविक दिवसभर झोपलेला. उठवलं तर माझ्याकडे बघून हसला आणि बोलता बोलता परत झोपला. आवाज इतका बारीक की कान जवळ न्यावा लागला. जेवला नाही. आई म्हणाली लग्नाचा शीण. लग्न होऊन दहा दिवस झाले.

येताना रिक्षात मनोजला म्हटलं, उद्याच डॉक्टरकडे नेऊ. मनोजने माझा हात धरला आणि सोडलाच नाही. मला रिक्षात लाज वाटत होती.

१४ मार्च

हॉस्पिटल. सकाळी तो उठलाच नाही म्हणून बाबांनी टेम्पोत घालून आणलं. नाकावर मास्क लावलाय, मशीन श्वास देतंय. डॉक्टर म्हणाले, छातीचे स्नायू थकलेत. आतली खराब हवा बाहेर जात नाही, ती रक्तात साठते. मग विचारलं, "सकाळी डोकं दुखायचं का? दिवसा झोप यायची का?"

मी तोंड उघडलं होतं. हेडफोनमुळे, असं सांगणार होते.

आई म्हणाली, "दिवालीपासून."

१७ मार्च

भाविक गेला. दुपारी. मी बाहेर औषधाच्या रांगेत होते.

५ एप्रिल, कोन

दिवसकार्य होऊन गेलं. मी अजून इथेच आहे. मनोज रोज संध्याकाळी येतो, ओट्यावर बसतो आणि जातो. त्यालाही ठाऊक होतं असं वाटतं, म्हणून त्याच्याशी मी बोलत नाही. काल तो स्वतःच बोलला.

"ठाण्याला तू ब्लाउजपीस बघायला उतरलीस, तेव्हा भाविक म्हणाला. 'भावोजी, मे मना लांब पडेल.' मी म्हटलं निशाला सांगू. म्हणाला, 'तिला सांगितलं तर ती लग्नच करनार न्हाय. माजे दात घासत बसंल.'"

मी आत निघून गेले. त्याच्यावर ओरडायला हवं होतं. पण त्याने सांगितलं असतं तर मी खरंच लग्न केलं नसतं.

आज दुपारी आई तांदूळ निवडत होती. मी विचारलं, "तुला कधीपासून ठाऊक होतं?"

"दिवालीत बोलला. आय, छाती भरत न्हाय. मी म्हटलं डाक्तरकडं चल. तर म्हनला, डाक्तर नली लावंल, मंग मी खाटंवर. मना तायची हळद वाजवू दे, मंग कुठं पन ने. शपथ घातली मना."

"आणि तू ऐकलंस."

"ऐकलं." ती तांदूळ निवडत राहिली. "बाराव्या वर्षापासून त्यानं काय मागितलं, ते सांग. मी न्हाय म्हनू शकली न्हाय."

 बाबा ओट्यावर टेम्पोच्या चावीशी खेळत बसले होते. त्यांना तर शेवटच्या दिवसापर्यंत कुणीच काही सांगितलं नव्हतं. तेव्हापासून ते जेवताना सगळ्यांकडे पाठ करून बसतात.

मग मी ते विचारलं, जे मला विचारायचंच नव्हतं. "मी चुकीचा आणला ना, आई? त्याला छोटा हवा होता. छोट्यावर त्याची बोटं पोचत होती. एकट्याने वाजवला असता त्याने."

आईने सूप खाली ठेवलं.

"छोटा आनला असतास तर तो एकटा वाजवत बसला असता नि मी सैपाकात असती," ती म्हणाली. "रोज दुपारी मना शिकवायचा तो. आय, हनवटी बघ. आय, आता न्हाय, आता. मी चुकली की हसायचा. कवा मी त्याच्याकडनं काय शिकली होती? एकोनीस वर्सं मी त्याला उचलला, बसवला, झोपवला. ते काम होतं. हे काम न्हवतं, निशा."

तिने सूप परत उचललं. तांदूळ थोडे जमिनीवर सांडले. ते दोघींनी मिळून वेचले.

२० एप्रिल, टेमघर

आज कामावर गेले. साहेबांनी काही न बोलता हजेरीवर सही घेतली. जुन्या सगळ्यांना माहीत आहे, म्हणून कुणी जवळ येत नव्हतं. जेवणाच्या सुट्टीत पॅकिंगला नवीन लागलेली एक बाई माझ्याजवळ डबा घेऊन बसली. गोदू नाव, काल्हेरची. माझं मंगळसूत्र नवं बघून म्हणाली, "नुकतंच झालंय वाटतं?"

"एक मार्चला."

"मग हळद जोरात झाली असेल. डीजे कुठला होता?"

"माझा भाऊ."

"भाऊ डीजे हाय तुमचा?" तिने भाकरी मोडता मोडता विचारलं.

मी म्हटलं, "हो. डीजे आहे."

"माझ्या बहिणीची हळद हाय, पंधरा मेला. नंबर द्या ना त्याचा. घरच्यासारखा कोन मिळाला तर बरं. येईल का काल्हेरला?"

तिने मोबाइल हातात घेतला होता, अंगठा बटणावर. मी माझ्या डब्यातली भाजी तिच्या डब्याच्या झाकणात वाढली.

"मे त्याला लांब पडतो," मी म्हटलं.

"मग पुढच्या वर्षी तरी? माझ्या दिराचं हाय पुढच्या वर्षी."

"विचारते," मी म्हटलं, आणि उठून हात धुवायला गेले.